अडीचशे कोटींचा दंड आणि मुग्धाचं पान

१८ जानेवारी, रविवार

आजपासून डायरी मराठीत. कारण मुग्धा. झाशीच्या आपल्या मराठी मंडळात, तिळगुळाच्या कार्यक्रमात मी तिला म्हटलं, की यंदा कोहरा फार आहे. ती म्हणाली, धुकं. एवढंच. पण ज्या तऱ्हेने म्हणाली त्यावरून तिला माझ्या मराठीत इंटरेस्ट आहे हे उघड आहे. ज्याच्याशी पुढे काही संबंधच ठेवायचा नाही, त्याचे शब्द कोण दुरुस्त करत बसतं?

मग तिळगूळ दिला आणि गोड बोल म्हणाली. म्हणत सगळ्यांनाच होती. मला जरा सावकाश म्हणाली.

घरी कुणी नाही. आई भुसावळला, रेवाताईच्या बाळंतपणासाठी. बाबा मालगाडीवर गार्ड. हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण धुक्याला ते माहीत नाही. गाडी बीना स्टेशनात अडकून पडली आहे. खिचडी लावली. शिट्टी झाली तेव्हा क्षणभर वाटलं दारात कुणी आलं.

संकल्प : मराठी सुधारायची. डोकं थंड ठेवायचं. फेब्रुवारी संपायच्या आत मुग्धाला सांगून टाकायचं.

१९ जानेवारी, सोमवार

डोकं थंड राहिलं नाही. दूधवाला म्हणाला, आजकल घर पे ही दिखते हो भैया, कॉलेज नहीं है क्या. त्याला नीट समजावलं, की कॉलेजने मला काढलेलं नाही, मी कॉलेज सोडलं आहे. सरांनी भर वर्गात माझा मोबाइल काढून घेतला, मी भर वर्गात कॉलेज सोडलं. दुसरं वर्ष होतं. तत्त्वाचा प्रश्न होता. दूधवाल्याला फरक कळला नाही. आवाज थोडा चढला माझा. उद्यापासून दुसरा दूधवाला बघावा लागेल.

दिवसभर इंटरनेट. एक गोष्ट लक्षात आली. कुठलीही मोठी साइट उघडा, ती आधी विचारते, आम्ही कुकीज ठेवू का, तुमची परवानगी आहे का, तुमच्या खासगीपणाची आम्हाला कदर आहे. दिवसभरात माझी इच्छा विचारणारं हे एवढंच. मी सगळ्यांना हो म्हणतो. इतकं प्रेमाने विचारल्यावर नाही म्हणवत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

वाईट दिवस.

आपल्या मराठी मंडळाच्या साइटवर वधू-वर असं एक पान आहे. मी तिथे गणपतीच्या कार्यक्रमाचे फोटो शोधायला गेलो होतो. समोर मुग्धा. निळी साडी. उंची पाच फूट तीन इंच. एम.एस्सी. सिव्हिल लाइन्समध्ये नोकरी. अपेक्षा : सुशिक्षित, स्थिरस्थावर, घरात मराठी बोलणारा.

तिसऱ्या अपेक्षेवर मी रविवारपासून काम सुरू केलेलंच आहे.

पण संताप झाला. झाशीतल्या सगळ्या मराठी घरांनी तिचा फोटो बघायचा? फोटोखाली आकडा येतो, हे पान किती वेळा पाहिलं गेलं त्याचा. सकाळी एकोणीस होता. मी दिवसभर मधून मधून जाऊन लक्ष ठेवलं. दर वेळी वाढलेला. संध्याकाळी साठाच्या वर गेला. इतके निर्लज्ज लोक आपल्या मंडळात आहेत हे माहीत नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

राग आला की लोक भांडी आपटतात. मी वाचन केलं.

कुकी म्हणजे साइट आपल्या मोबाइलात चिकटवून जाते ती खूण. तिच्यावरून पुढच्या वेळी तिला कळतं, हा तोच. युरोपात न विचारता ही खूण ठेवली म्हणून मोठमोठ्या कंपन्यांना दंड झाले आहेत, डोळे फिरतील एवढे. आणि आपल्याकडेही कायदा आला आहे. माणसाची माहिती त्याला नीट विचारल्याशिवाय घ्यायची नाही. दंड अडीचशे कोटींपर्यंत. वाचून मी उभा राहिलो. घरात कुणी नव्हतं, म्हणून परत बसलो.

मंडळाच्या साइटने मला काय विचारलं? काही नाही. उघडली की थेट वर कोपऱ्यात 'नमस्कार, कौशिक'. विचारलं होतं मला, नमस्कार करू का म्हणून?

योजना पक्की. तक्रार करायची. मंडळाला दंड होईल. मंडळ भरू शकणार नाही. साइट बंद. मुग्धाचं पान गेलं. मग एक दिवस ती विचारेल, हे कुणी केलं. मी काही बोलणार नाही. नुसता बघेन.

२३ जानेवारी, शुक्रवार

सदर बाजारात मुकेशच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. योजना ऐकून त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, काए भैया, तुम्हारे मंडल के पास ढाई सौ कुर्सी नहीं हैं, ढाई सौ करोड़ कहाँ से देंगे. मग गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तोही कायदा वाचत बसला. दंड होतो तो सरकारी तिजोरीत जातो, तक्रार करणाऱ्याला एक पैसा नाही. बरीचशी कलमं अजून लागू व्हायची आहेत. आणि खोटी किंवा उगाच तक्रार केली, तर दहा हजारांपर्यंत दंड तक्रार करणाऱ्यालाच. हे त्याने दोनदा वाचून दाखवलं.

मला पैसे नकोच आहेत. कलमं लागू व्हायची आहेत, म्हणजे मी काळाच्या पुढे आहे. आणि माझी तक्रार उगाच नाही.

निघताना म्हणाला, इस सब से अच्छा भाभीजी को सीधे बोल दो. मुग्धाला भाभी म्हणायचं नाही असा मी त्याला कितीदा दम दिला आहे. ऐकत नाही. उद्या पुन्हा जाईन.

२४ जानेवारी, शनिवार

कायदा म्हणतो, आधी तक्रार साइटवाल्यांकडेच करा, नाही ऐकलं तर वर जा. म्हणून मंडळाच्या ईमेलवर पाठवली. इंग्रजीत, कारण मंडळातली मोठी माणसं इंग्रजी पत्राला घाबरतात. अडीचशे कोटी ठळक केलं.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडला. मुग्धाचंच पान उघडं होतं, तेच घेतलं. त्यात सगळं एका ठिकाणी येतं. तिचा फोटो, माहिती, खालचा आकडा, आणि वर कोपऱ्यात स्पष्ट 'नमस्कार, कौशिक'. साइट माणसाला न विचारता नावानिशी ओळखते, याहून पक्का पुरावा काय हवा.

स्वतःचं नाव अर्थातच गुप्त ठेवलं. खाली फक्त 'एक जागरूक नागरिक'. त्यासाठी नवा ईमेल काढला. त्या साइटनेही कुकीज ठेवू का विचारलं. हो म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. मंडळात हळदीकुंकू. बायकांचा कार्यक्रम, पण आईचं वाण आणायला मी गेलो. बाहेर चपलांपाशी उभा होतो. मंडळातल्या इंदूआजी म्हणाल्या, हा बघा, आईचा प्रतिनिधी. सगळ्या हसल्या. प्लास्टिकचा डबा मिळाला. मुग्धाच दारात होती. म्हणाली, आईला सांग, वाण पोचलं.

आईला सांग. म्हणजे आमच्या घराशी तिचं बोलणं सुरू झालं.

डब्यात काय ठेवावं सुचत नाही. चहापत्ती ठेवली.

२७ जानेवारी, मंगळवार

केशवराव मंडळाचे अध्यक्ष. रेल्वेच्या हिशेब खात्यातून रिटायर. ते मंडळाचा ईमेल मंगळवारी उघडतात. आज मंगळवार.

दुपारी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझी तक्रार आली, जशीच्या तशी, स्क्रीनशॉटसकट. वर केशवरावांनी लिहिलं होतं, समस्त बंधुभगिनींच्या माहितीसाठी, आपापल्या गावोगावच्या नातेवाइकांनाही सावध करावे. लोकांनी केलं. संध्याकाळपर्यंत ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर. भुसावळहून आईचाही फोन. म्हणाली, कुठल्याशा वेड्याने मंडळावर केस केली म्हणे, तू जपून राहा. जेवलास का.

मुग्धाचा फोटो गावोगाव गेला हे बरं झालं नाही. पण याची जबाबदारी केशवरावांची. मी फक्त केशवरावांना पाठवला होता.

२८ जानेवारी, बुधवार, सकाळ

केशवराव घरी. कानटोपी, हातात तक्रारीची प्रिंट. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, हा जागरूक नागरिक कोण असेल तो असो, इंग्रजी बरं आहे, पण मध्येच सोडून दिल्यासारखं. कॉलेजही मध्येच सोडलेलं असणार. मी म्हटलं, असे बरेच असतात. ते म्हणाले, आपल्यात एकच आहे, पण ते जाऊ दे. एकच कोण ते विचारायचं राहून गेलं.

मग म्हणाले, कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकायला एक माणूस नेमावा लागतो. तू घरीच असतोस. तक्रार निवारण अधिकारी. मानद. मी विचारलं, मानद म्हणजे. म्हणाले, पगार नाही. आजपासून ही तक्रार तुझ्याकडे, तूच उत्तर दे.

जाता जाता म्हणाले, त्या पोरीला धीर दे बाबा. मुग्धाने गेल्या पावसाळ्यात सगळे रविवार घालवून ही साइट बांधली, फुकट. आता अडीचशे कोटी वाचून तिच्या आईने देव पाण्यात ठेवलेत.

मी पाणी प्यायलो. मग केशवरावांसाठी आणलेलं तेही प्यायलो.

त्याच दिवशी, दुपार

विचार केला. तक्रार मागे घेता येईल, पण मग जागरूक नागरिक घाबरला असं दिसेल. त्यापेक्षा आता तिला या संकटातून मीच सोडवणार. योजना तीच आहे, फक्त आतून बाहेर उलटवली आहे. स्वेटरचं होतं तसं.

१ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या हॉलमध्ये सभा. मी बोललो. विषय, दंडाशिवाय शिस्त नाही. बोलता बोलता टेबलावर मूठ आपटली, केशवरावांचा चहा सांडला, पण मुद्दा पोचला. मी म्हटलं, सरकार करेल तेव्हा करेल, आपण आपला दंड लावू. दुसऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याला न विचारता पुढे पाठवली, की दंड. केशवरावांनी विचारलं, किती. मी अडीचशे कोटींपासून सुरुवात केली, म्हणजे खाली यायला जागा राहते. एकावन्न रुपयांवर ठराव झाला.

मुग्धा कोपऱ्यात बसली होती. माझ्याकडेच बघत होती. हसली नाही असं म्हणता येणार नाही.

मग केशवरावांनी विचारलं, मुग्धाचा फोटो चार गावांत फिरला, त्याचा पहिला दंड कुणाला. मी ठणकावून सांगितलं, ज्याने तिला न विचारता स्क्रीनशॉट काढला त्या नागरिकाला. कुणीही असो. सगळ्या हॉलला पटलं असावं, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. नागरिकाला शोधायचं काम माझ्याकडे दिलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

मुग्धाबरोबर पहिलं काम. मंडळाच्या हॉलमध्ये, तिचा लॅपटॉप, मधे केशवरावांची सून शेंगदाण्याची चटणी कुटत होती. तरी एकांतच म्हणायचा.

साइट उघडली की विचारणारी पट्टी बनवायची होती. बॅनर म्हणतात. मी म्हटलं, 'हो' मोठं, हिरवं कर. 'नको' खाली बारीक, करड्या रंगात. सगळे तसंच करतात. ती म्हणाली, म्हणूनच सगळ्यांना दंड होतो. दोन्ही बटणं सारखी हवीत. नको म्हणणं हो म्हणण्याइतकंच सोपं पाहिजे.

हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात कधी कुणाला काही विचारलं नसावं.

मग माहिती पुसायची सोय केली. कुणाला आपलं पान काढून टाकायचं असेल तर कारण निवडायचं. माहिती चुकीची आहे. संमती मागे घेत आहे. किंवा, ज्या कामासाठी माहिती दिली ते काम झालं. तिसरं मुग्धाने घातलं. काम झालं की माहिती ठेवायचा कुणाला हक्क नाही म्हणाली. मला कायद्यातलं हे माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

तिने विचारलं, तू हे सगळं कधी वाचलंस. मी म्हटलं, अभ्यास करतो मी. ती म्हणाली, कॉलेजात करायचा होतास. तिला माझ्या शिक्षणाची काळजी आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घरोघर संमती गोळा करतोय. ज्यांची माहिती साइटवर आहे त्या सगळ्यांना विचारायचं असं ठरलं.

रेल्वे कॉलनीत एकाने न वाचता सही केली. मी म्हटलं, वाचा. म्हणाला, तेहतीस वर्षं मेमोवर न वाचता सही केली, आता काय वाचू. पुढच्या घरी गणपतीची वर्गणी समजून पैसे काढून दिले, घेत नाही म्हटल्यावर कमी वाटले का विचारलं. इंदूआजी संमती हा शब्द ऐकून बसल्याच. म्हणाल्या, लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं नाही, मुलं झाली तेव्हा विचारलं नाही, हे गेले तेव्हा विचारलं नाही, आणि आता तू फोटोचं विचारायला आलास. बस, पोहे खा. मी बसलो. मग म्हणाल्या, तू मात्र कुणाला तरी एकदा विचारून टाक. मी म्हटलं, कुणाला. म्हणाल्या, मला काय ठाऊक, मी म्हातारी. पोहे पुन्हा वाढले.

या घरात एवढा वेळ मी पहिल्यांदाच बसलो. निघावंसं वाटत नव्हतं.

जागरूक नागरिकाचा तपास चालू आहे. मुग्धाच्या पानावरचा आकडा पाचशेच्या वर गेलाय. त्याचाही तपास करायला हवा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सांगायचं. कायदा म्हणतो, संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी, विषय स्पष्ट हवा, सगळं आधी समजावलेलं हवं. त्याच पद्धतीने विचारेन. म्हणजे तिला वाटेल, याने नियम पाळला. मजकूर पाठ केला. आरशासमोर तीनदा. तिसऱ्यांदा बाबा ड्यूटीवरून आले. म्हणाले, कुणाशी बोलतोयस. मी म्हटलं, मंडळाचं काम. ते म्हणाले, बरं. जेवले आणि झोपले. त्यांना परत निघायचं होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सिव्हिल लाइन्समध्ये तिच्या ऑफिसबाहेर. लाल टिकली लावून आली होती. मी सुरू केलं, मुग्धा, मला तुझी संमती हवी आहे. ती म्हणाली, अरे हो, माझी राहिलीच, आण. आणि हात पुढे केला.

माझ्याकडे संमतीचे कागद होते. दिला. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून सही केली. झाशीत वाचून सही करणारी ती एकटी.

कागद घरी आणला. सही सुंदर आहे. एका अर्थी तिने हो म्हटलंच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुग्धाकडे ग्वाल्हेरहून पाहुणे आले होते. मुकेशने त्यांची गाडी पाहिली. किल्ला बघायला आले असतील. स्वतःच्या गावात एवढा मोठा किल्ला असताना झाशीचा बघायला येतात, लोकांना हौस फार. मुकेशने समोसा मागवला. आज भाभी पण म्हणाला नाही. समोसा त्याच्याच पैशाने.

१ मार्च, रविवार

अधिकारी म्हणून माझ्याकडे पहिली खरी विनंती आली. मुग्धाची. माझं पान पुसून टाकावं. कारण : ज्या कामासाठी माहिती दिली ते काम झालं.

मी तीनदा वाचलं. काम झालं. स्थळ शोधायचं काम झालं. म्हणजे मिळालं. कुठे मिळालं? आसपासच. रोज कोण भेटतं तिला? पट्टीचा रंग कुणाबरोबर ठरवला तिने?

तोंडाने बोलली नाही, नियमाप्रमाणे कळवलं. तिचा स्वभावच तसा. मी जे सांगू शकलो नाही ते तिने एका बटणात सांगितलं.

आईला फोन केला. म्हटलं, लवकर ये, एक गोष्ट आहे. आई म्हणाली, बाळाला कावीळ आहे थोडी, आठवडाभर नाही जमायचं, जेवलास का. म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो. सदर बाजारात जाऊन जिलबी खाल्ली, एकट्याने पाव किलो.

पान अजून पुसलं नाही. घाई नाही. शेवटचे दोन-चार दिवस राहू दे.

४ मार्च, बुधवार

धुळवड. पांढरा शर्ट घालून सकाळपासून गॅलरीत. ती येईल असं वाटलं होतं, तिच्या घरचे मंडळात होळी खेळतात. दुपारी दोनपर्यंत शर्ट पांढराच. मुकेश आला आणि गुलाल लावून गेला, हळू, कपाळाला, आजारी माणसाला लावतात तसा.

५ मार्च, गुरुवार

केशवराव पेढे घेऊन आले. मी वाकून नमस्कार केला, म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं. ते म्हणाले, सांगायचं काय, ठरवलं मीच. ग्वाल्हेरचा मुलगा, बँकेत आहे. साखरपुडा पाडव्यानंतर.

पेढा तोंडात होता. गिळावा लागला.

ते खुशीत होते, सगळं सांगत बसले. तो स्क्रीनशॉट ग्वाल्हेरला गेला ना, तो मुलाच्या आईने पाहिला. मुलगी आवडली, पण त्यांचा विचार व्हायला सहा महिने लागतात. मग फोटोखालचा आकडा दिसला. त्यांनी रोज साइट बघायला सुरुवात केली. रोज आकडा वर. बाई घाबरल्या, म्हणाल्या, हिला एवढी मागणी आहे, आज विचारलं नाही तर हातची जाईल. महिन्याच्या आत पाहुणे दारात. केशवराव म्हणाले, लग्नं जमवण्याच्या माझ्या तीस वर्षांत एवढं झटपट जमलेलं हे पहिलं स्थळ.

मग पेढ्याचा पुडा बांधत म्हणाले, आता तो एकावन्नचा दंड तेवढा भरून टाक. मी म्हटलं, नागरिकाचा तपास अजून. ते म्हणाले, कौशिक, वर कोपऱ्यात नाव होतं रे. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं पोरगं घरात एकटं असतं, काहीतरी काम मिळेल, माणसांत येईल. म्हणून तर नेमला.

आकडा कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना ती मागणीच वाटते.

दंड भरला. पावती मुद्दाम घेतली नाही.

८ मार्च, रविवार

मुग्धा घरी आली. पहिल्यांदाच. बाबा नाहीत, आई नाही, खुर्चीवर कपडे. म्हणाली, दारातच बोलते. साइटचे पासवर्ड द्यायला आली होती. लग्नानंतर ग्वाल्हेर, मग साइट माझ्याकडे.

म्हणाली, साइट बनवणाऱ्याला दिसतं, कुठलं पान कुठल्या मोबाइलवरून उघडलं गेलं ते. पाहुण्यांकडून वीस-पंचवीस वेळा. बाकी सगळं एकाच मोबाइलवरून. तिने ती नोंद पुसून टाकली होती, मंडळात कुणी बघायच्या आधी. फेब्रुवारीतच.

मी म्हटलं, मी लक्ष ठेवत होतो. ती म्हणाली, कुणावर.

मग म्हणाली, इतक्या वेळा बघण्यापेक्षा एकदा विचारायचं होतंस. मी म्हटलं, विचारलं असतं तर. म्हणाली, नाही म्हटलं असतं. पण नीट म्हटलं असतं, कौशिक.

आवाज चढवायचं मनात होतं. चढला नाही. मी विचारलं, चहा घेशील का. ती म्हणाली, नको. मग एकदम, अरे, घेते. उभ्या उभ्या घेतला. वाणाच्या डब्यातली चहापत्ती पाहून म्हणाली, डबा छान आहे.

जाताना म्हणाली, माझं पान अजून तसंच आहे, तुझ्याकडे आठवडा झाला. मी म्हटलं, आज करतो.

संध्याकाळ

केलं. साइटने विचारलं, नक्की पुसायचं का. दोन बटणं, सारख्या मापाची.

१९ मार्च, गुरुवार

गुढीपाडवा. बाबांना सुट्टी मिळाली नाही, गुढी मीच उभारली, जरा वाकडी. आई रविवारी येतेय.

केशवरावांचा फोन. पाडव्याच्या शुभेच्छा, मग कामाचं. म्हणाले, मंडळाच्या साइटवर दहा-बारा दिवसांत कुणी फिरकलेलं नाही. आधी केवढी वर्दळ असायची. लोकांचा इंटरेस्ट एकाएकी का गेला, तू अधिकारी आहेस, जरा चौकशी करून सांग.

करतो म्हटलं.